माळावरचा बिनजाळ्याचा कोळी

कोळी म्हटला की जाळे आठवते. धम्मपदातील तण्हावग्गात तृष्णेत गुरफटलेल्या माणसाला आपल्याच जाळ्यात उतरणाऱ्या कोळ्याची उपमा दिलेली आहे. आपल्या वसतिशाळेतील विद्यार्थी सायंवंदनेनंतरच्या पठणात ती गाथा म्हणतात आणि तिचा अर्थही जाणतात. पण या उपमेतला कोळी म्हणजे कोळ्यांच्या विशाल परिवारातील एक प्रकार झाला. जगभरात आजवर पन्नास हजारांहून अधिक जातींच्या कोळ्यांची शास्त्रीय नोंद झाली आहे. पन्नास हजारांचा हा टप्पा २०२२ साली ओलांडला गेला. यातील फार मोठा वाटा भक्ष्यासाठी जाळे विणतच नाही. कोणी दबा धरतात, कोणी झेप घेतात, कोणी पाठलाग करतात, तर कोणी बिळाच्या तोंडाशी वाट पाहत बसतात.

अशाच एका बिनजाळ्याच्या कोळ्याची ओळख या लेखात करून देण्याचे आम्ही योजिले आहे. तो आकाराने लहान, रंगाने मातकट आणि राहणीने जमिनीलगतचा आहे. मराठीत त्याला स्वतंत्र नाव नाही. शास्त्रात त्याच्या प्रजातीला ‘थॅनाटस’ म्हणतात. सोयीसाठी आम्ही त्याला ‘माळकोळी’ म्हणणार आहोत. शाळेच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, देणगीदारांचे ऋण आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी असाव्यात, हे योग्यच आहे. त्यांच्या सोबतीने, ज्या माळावर आपली मुले सकाळ-संध्याकाळ खेळतात त्या माळावरील एका मूक रहिवाशालाही दोन पाने द्यावीत, असे आम्हांस वाटले. त्यामागे एक कारण आहे. ते लेखाच्या उत्तरार्धात येईल.

नाव आणि कूळ

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करू. जीवशास्त्रात ‘जाती’ हा सर्वांत लहान गट समजला जातो आणि जवळच्या नात्यातील अनेक जाती मिळून एक ‘प्रजाती’ होते. अशा अनेक प्रजातींचे मिळून ‘कूळ’ बनते. थॅनाटस ही प्रजाती आहे. ती १८३७ साली जर्मन अभ्यासक कार्ल लुडविग कोख यांनी स्थापिली. ‘थॅनाटस’ हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ मृत्यू असा होतो. माणसाला कसलाही अपाय न करणाऱ्या या चिमुकल्या जीवाला एवढे भयंकर नाव मिळावे, ही गंमतच आहे. लहान किडे मात्र या नावाला हरकत घेणार नाहीत.

या प्रजातीचे कूळ ‘फिलोड्रोमिडे’. या नावाच्या मुळाशी ‘धावण्याची आवड असलेला’ असा अर्थ आहे आणि तो अगदी समर्पक आहे. या कुळातील कोळ्यांना अभ्यासक ‘धावरे खेकडा-कोळी’ किंवा ‘आभासी खेकडा-कोळी’ अशा अर्थाच्या नावांनी ओळखतात. खरे खेकडा-कोळी हे निराळ्या कुळातील होत. फुलांवर, विशेषतः पिवळ्या वा पांढऱ्या फुलांवर, पुढचे दोन पायांचे जोड पसरून बसलेला कोळी आपण पाहिला असेल. त्याचे पुढचे चार पाय लांब व दणकट असतात, मागचे चार आखूड असतात आणि तो खेकड्यासारखा आडवाही चालतो. माळकोळ्याचेही पाय काहीसे बाजूंना पसरलेले असतात. त्यामुळे दोघांत साम्य भासते आणि दीर्घकाळ अभ्यासकांनीही दोघांना एकाच कुळात ठेवले होते.

भारतीय कोळ्यांच्या अभ्यासात बी. के. टिकादर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत होते, तिच्या पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि पुढे ते या संस्थेचे संचालक झाले. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या खेकडा-कोळ्यांवरील त्यांच्या ग्रंथात फिलोड्रोमिडे हे स्वतंत्र कूळ नसून खऱ्या खेकडा-कोळ्यांचे उपकूळ म्हणून आले आहे. पायांची ठेवण, पायांच्या टोकांवरील केस, डोळ्यांची रचना यांचा बारकाईने विचार झाल्यावर हे दोन गट वेगळे मानले जाऊ लागले. वरवरच्या साम्यावरून नाते ठरवू नये, हा धडा विज्ञानाने अशा असंख्य उदाहरणांतून घेतला आहे.

थॅनाटस प्रजातीच्या जगभरात नव्वदच्या आसपास जाती आहेत. युरोप, उत्तर आफ्रिका, मध्य आशिया, उत्तर अमेरिका आणि भारतीय उपखंड असा तिचा पसारा आहे. भारतातून दहाच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या असून त्यांपैकी काहींचे पहिले वर्णन टिकादर यांनीच केले आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच अभ्यासक युजीन सिमाँ यांनी भारतातील कोळ्यांचा जो अभ्यास केला, त्यातही या प्रजातीच्या जाती आहेत. एक जात मध्य प्रदेशातील जबलपूरचे नाव धारण करते. उघडी, कोरडी, गवताळ जमीन हा या प्रजातीचा आवडता प्रदेश होय.

ओळखावा कसा?

माळकोळ्याच्या बहुतेक जातींचे शरीर पाच ते दहा मिलिमीटर लांब असते. म्हणजे ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा एवढाच त्याचा आवाका. रंग राखी, तांबूस किंवा वाळल्या गवतासारखा पिवळट असतो. सर्व कोळ्यांप्रमाणे त्याच्या शरीराचे दोन भाग असतात. पुढच्या भागाला शिरोवक्ष म्हणतात. त्यावर डोळे, विषदंत आणि पायांचे चार जोड असतात. मागचा भाग म्हणजे उदर. कीटकाला सहा पाय असतात आणि कोळ्याला आठ, त्यामुळे कोळी हा कीटक नव्हे, हे शालेय पुस्तकात शिकलेले येथे आठवावे.

माळकोळ्याची सर्वांत सोपी खूण त्याच्या उदरावर आहे. उदराच्या वरच्या बाजूस, पुढच्या अर्ध्या भागात, मधोमध भाल्याच्या पात्यासारखा एक गडद पट्टा असतो. या पट्ट्याच्या खाली, शरीराच्या आत, कोळ्याचे नळीसारखे हृदय असते. म्हणून अभ्यासक या खुणेला हृदयचिन्ह म्हणतात. असा पट्टा इतर काही कोळ्यांतही असतो, पण माळकोळ्यात तो ठसठशीत आणि टोकदार दिसतो.

माळावर याच्याशी सर्वाधिक घोटाळा होतो तो लांडगा-कोळ्याचा. तोही मातकट, तोही जमिनीवर धावणारा. दोघांतील भेद रात्री सहज लक्षात येतो. विजेरी कपाळाशी धरून माळावर प्रकाश टाकला, तर लांडगा-कोळ्याचे डोळे दवबिंदूसारखे चमकतात. आणखी एक भेद मादीच्या वागणुकीत आहे. लांडगा-कोळ्याची मादी अंड्यांची गोल पिशवी उदराच्या टोकाला चिकटवून सोबत वागवते आणि पिले बाहेर पडली की त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. माळकोळ्याची मादी पिशवी दगडाखाली, काटकीला वा गवताच्या बुडख्याशी पक्की बसवते आणि तिच्याजवळ राखण करते.

धावण्याचे शास्त्र

जाळे नसलेल्या शिकाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याचे पाय. माळकोळ्याचे आठही पाय लांबीने बरेचसे सारखे असतात, त्यामुळे तो पुढे, मागे व बाजूला सारख्याच चपळाईने वळतो. प्रत्येक पायाच्या टोकाशी दोन नख्या आणि त्यांच्याजवळ दाट केसांचा झुबका असतो. या केसांची टोके पुन्हा अतिसूक्ष्म शाखांत विभागलेली असतात. एवढ्या असंख्य टोकांचा पृष्ठभागाशी संपर्क आला की पाय घट्ट धरतो. म्हणूनच असा कोळी गुळगुळीत काचेवर अथवा गवताच्या उभ्या पात्यावरही घसरत नाही.

कोळ्याच्या पायांत आणखी एक नवल आहे. आपल्या गुडघ्यात पाय वाकवणारे व सरळ करणारे असे दोन्ही प्रकारचे स्नायू असतात. कोळ्याच्या पायातील मुख्य सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. तो शरीरातील द्रवाचा दाब वाढवतो आणि त्या दाबाने पाय ताठ होतो. जेसीबीचा फावडा ज्या तत्त्वावर उचलला जातो, तेच हे तत्त्व. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आवळलेले का दिसतात, असे मुले विचारतात. त्याचे उत्तर यातच आहे: दाब संपतो, वाकवणारे स्नायू तेवढे उरतात.

माळकोळी दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच झडप घालतो. तुडतुडे, माश्या, नाकतोड्यांची लहान पिले, इतर लहान कोळी हे त्याचे अन्न. विषदंतांनी भक्ष्य निश्चल केल्यावर तो त्यावर पाचकरस सोडतो आणि विरघळलेला भाग शोषून घेतो, कारण त्याला चावून गिळता येत नाही. जाळे विणत नसला तरी त्याच्याजवळ रेशमी धागा असतो. चालताना आधाराचा धागा मागे सोडण्यासाठी आणि अंड्यांची पिशवी विणण्यासाठी तो वापरला जातो. पिलेही हा धागा वापरतात. अनेक कोळ्यांची पिले गवताच्या शेंड्यावर चढून उदर वर करतात आणि हवेत धागा सोडतात. वाऱ्याने तो ओढला की पिलू उडते आणि नव्या ठिकाणी उतरते. चार्ल्स डार्विन यांनी १८३२ साली बीगल जहाजावर, किनाऱ्यापासून सुमारे साठ मैल अंतरावर, असे हजारो कोळी उतरलेले पाहिले होते.

वर्षावास आणि माळ

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेस अकोल्याचा डोंगराळ, भरपूर पावसाचा प्रदेश आहे, तर उत्तरेस प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरचा उसाचा पट्टा. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेत येतात. या भागात मुरमाड, बरड माळ दूरवर पसरलेले आहेत. उन्हाळ्यात हे माळ निर्जीव भासतात. मृगाचे पाणी पडले की कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते उठतात, किड्यांची संख्या वाढते आणि त्यांच्या पाठोपाठ कोळ्यांचीही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा काळ माळावरील सूक्ष्म जीवांच्या भरभराटीचा असतो.

हाच काळ भिक्खुसंघाच्या वर्षावासाचा. वर्षावासाचा नियम कसा आला, याची हकीकत विनयपिटकातील महावग्गात आहे. पावसाळ्यातही भिक्खू चारिका करीत होते. ते हिरवे गवत तुडवतात, त्यांच्या पायांखाली अनेक लहान जीव मरतात, अशी तक्रार लोकांनी केली. ती तक्रार भगवंतांच्या कानी गेली आणि भिक्खूंनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहावे असा नियम झाला. अडीच हजार वर्षांपूर्वी सामान्य लोकांनी पायाखालच्या जीवांच्या वतीने केलेली तक्रार ऐकून घेतली गेली आणि तिच्यामुळे एका संघाचे वर्षाचे वेळापत्रक बदलले. माळकोळ्यासारखे जीवच त्या तक्रारीचे विषय होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

एक गैरसमज

माळकोळी माणसाला अपायकारक नाही. त्याचे विष लहान किड्यांपुरते आहे. तरीही आपल्याकडे कोळ्यांविषयी एक समज घर करून आहे. सकाळी उठल्यावर अंगावर पाणीदार फोड किंवा लाल पट्टा दिसला, की रात्री अंगावरून कोळी गेला असावा, असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. मग लेप लावले जातात, कधी मंत्र घालून उतरवले जाते आणि दवाखान्यात जाणे लांबते.

अशा फोडांची कारणे बहुधा निराळी असतात. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक लाल-काळा, मुंगीसारखा लांबट भुंगेरा अंगावर चिरडला गेला, तर त्याच्या शरीरातील दाहक द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. दुसरे कारण नागीण. लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत सुप्त राहतो आणि पुढे कधीतरी जागा होऊन शरीराच्या एका बाजूस पट्ट्यासारखे वेदनादायक फोड आणतो. नागिणीवरचे औषध फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते. कोळ्याला दोष देण्यात ते तीन दिवस निघून गेले, तर मागे राहणारी वेदना कित्येक महिने छळू शकते. गैरसमजाची किंमत कोळीही मोजतो आणि माणूसही. म्हणून आमची पालकांस विनंती आहे: असे फोड दिसताच डॉक्टरांना दाखवावे.

शेताच्या बांधावर

जगातील सर्व कोळी मिळून वर्षाला चाळीस ते ऐंशी कोटी टन एवढे भक्ष्य फस्त करीत असावेत, असा अंदाज २०१७ साली दोन युरोपीय शास्त्रज्ञांनी मांडला. त्यात मुख्य भरणा कीटकांचा आहे. त्यातील आपल्या शेताच्या वाट्याला येणारा हिस्सा लहान असला तरी नगण्य नाही. पेरणीनंतर रोपे कोवळी असताना जमिनीलगत फिरणारे कोळी बांधावरून शेतात उतरतात. तुडतुडे, लहान अळ्या, नाकतोड्यांची पिले ते टिपतात.

येथे अतिरंजन टाळले पाहिजे. कोळी पिकाचा शत्रू आणि मित्र असा भेद करीत नाही. परागीभवन करणारी एखादी माशीही त्याच्या तावडीत सापडते. एखाद्या किडीची मोठी धाड आली तर ती एकटा कोळी आवरू शकत नाही. मात्र किडी थोड्या असताना त्या थोड्याच राहाव्यात, यासाठी तो रोज काम करीत असतो. सर्व प्रकारचे किडे मारणारी तीव्र कीटकनाशके वारंवार फवारली, की प्रथम हे राखणदार मरतात. किडी लवकर वाढतात आणि पुन्हा येतात, कोळ्यांची संख्या भरून यायला वेळ लागतो. मग पुढची फवारणी अधिक लवकर करावी लागते. औषधाचा खर्च कर्ज काढून भागवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे चक्र परवडत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण शेती करतात. त्यांना आम्ही एवढेच सुचवू, की फवारणीपूर्वी किडींची संख्या मोजावी, नुकसानीची पातळी ओलांडली असेल तरच फवारावे आणि बांधावरचे गवत पूर्ण जाळून टाकू नये.

‘पडीक’ हा शब्द

आता उत्तरार्धातील कारणाकडे वळू. माळकोळ्याला जगण्यासाठी काय लागते? उघडी जमीन, काही दगड, विरळ गवत आणि मधूनमधून झुडपे. घनदाट झाडी त्याला नको असते आणि सिमेंटचा कोबा तर नकोच नको. अशा जमिनीला आपण बोलीत आणि सरकारी कागदांत ‘पडीक’ म्हणतो. पडीक म्हणजे कोणाच्याही कामाची नसलेली. तेथून मुरूम उपसला जातो, कचरा टाकला जातो, चर खणून एकाच जातीची झाडे दाटीने लावली जातात. झाडे लावणे हे पुण्यकर्म खरेच, पण माळाचे रान केले की माळावरचे जीव बेघर होतात.

आपल्या जिल्ह्यानेच याचे दुसरे उदाहरणही घालून दिले आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे दोन चौरस किलोमीटरच्या थोडे वर आहे. गवताळ माळ राखला म्हणून तेथे काळवीट टिकले आणि काळविटाच्या खुराखालील लहान जीवही टिकले. हिवरेबाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरवून पाळली. तेथील डोंगरउतारावर गवत परतले आणि ते कापून नेण्याची व्यवस्थाही गावाने बसवली. माळ राखणे आणि गावाची चूल पेटती ठेवणे यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, हे या गावाने दाखवले.

तरी एक प्रश्न आपल्या समाजाच्या दृष्टीने नाजूक आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘पडीक’ आणि ‘गायरान’ म्हटलेल्या जमिनी हा भूमिहीनांच्या पोटाचा प्रश्न आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, त्यांत आपल्या अनेक कुटुंबांतील आजोबा-आजींनी तुरुंगवास भोगला. आज कोणी कोळ्याचे वा काळविटाचे नाव पुढे करून कसणाऱ्या गरिबाला जमिनीवरून हुसकावू पाहील, तर आम्ही त्याच्या बाजूचे नाही. माळ नष्ट होतो तो दीड-दोन एकर बाजरी पिकवणाऱ्या कुटुंबामुळे फार थोडा. यंत्रांनी होणारा बेसुमार उपसा आणि कोणालाही न विचारता होणारी बांधकामे हे त्याचे मोठे कारण आहे. ज्या जमिनीला आणि ज्या माणसाला व्यवस्थेने निरुपयोगी ठरवले, त्यांचे मोल ठरवताना त्यांच्याकडे एकदाही नीट पाहिले गेले नव्हते. पाहणे ही पहिली पायरी आहे, आणि ती पायरी शाळेने शिकवायची असते.

शील आणि शास्त्र

पंचशीलातील पहिले शील जीवहत्येपासून अलिप्त राहण्याचे. वसतिगृहाच्या सफाईत मुले झाडूने कोळी चिरडतात, तेव्हा आम्ही त्यांना थांबवतो आणि एक सोपी कृती दाखवतो. काचेचा पेला कोळ्यावर पालथा घालावा, खालून पोस्टकार्ड सरकवावे आणि कुंपणाबाहेर नेऊन सोडावा. एकदा ही कृती केलेले मूल पुढे सहसा झाडू उगारत नाही, असा आमचा अनुभव आहे. पेल्यातील कोळी डोळ्यांपाशी आला की त्याचे आठ डोळेही मुलाला दिसतात.

पण येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो मुलांनीच आम्हांस विचारला. कोळ्याची नेमकी जात छायाचित्रावरून बहुधा सांगता येत नाही. त्यासाठी प्रौढ नर वा मादीचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. म्हणजे अभ्यासकाला काही कोळी मारून जतन करावे लागतात. टिकादरांसारख्या संशोधकांनी तसे केले म्हणूनच आज आपण या जीवांना नावाने ओळखतो. मग त्यांनी शील मोडले काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, यांत्रिक नियम नव्हे, आणि तत्त्व माणसाला विचार करायला लावते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय. आम्ही मुलांना हेच सांगतो. एका गंभीर अभ्यासासाठी, आवश्यक तेवढेच नमुने, प्रशिक्षित व्यक्तीने आणि रीतसर परवानगीने घेणे ही गरज असू शकते. कंटाळा आला म्हणून, भीती वाटली म्हणून किंवा गंमत म्हणून चिरडणे ही गरज नसते. शाळेच्या पातळीवर नमुना गोळा करण्याची गरज नाही. येथे पाहणे, मोजणे, चित्र काढणे आणि सोडून देणे पुरेसे आहे. सर्व मुलांना हे उत्तर पटले असे नाही. एका मुलीने विचारले की गरज कोणती हे ठरवणार कोण, मारणारा की मरणारा? या प्रश्नावर आम्ही अजून विचार करीत आहोत आणि तो तिने विचारला याचा आम्हांस अभिमान वाटतो.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये, १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. त्यांत प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगणे हे एक कर्तव्य आहे आणि त्याच्या लगेच पुढचे कर्तव्य वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद व शोधक बुद्धी यांचा विकास करण्याचे आहे. ही दोन कर्तव्ये शेजारी-शेजारी आहेत, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

आपल्याला काय करता येईल?

शाळेच्या मागील कुंपणालगत दहा पावले रुंदीचा गवताचा पट्टा न कापता राखण्याचा आमचा विचार आहे. तेथे तणनाशक फवारले जाणार नाही, दगड हलवले जाणार नाहीत आणि गवत पेटवले जाणार नाही. वर्षावासाच्या तीन महिन्यांत इयत्ता आठवी व नववीचे विद्यार्थी आठवड्यातून एकदा सकाळी तेथे पाहणी करतील. पांढरे फडके, भिंग, मोजपट्टी आणि वही एवढेच साहित्य पुरे. तारीख, पाऊस, गवताची उंची, दिसलेल्या कोळ्यांची संख्या, उदरावरची खूण आणि जवळची वनस्पती यांची नोंद व्हावी. एका वर्षाची वही ही हौस वाटेल. दहा वर्षांच्या वह्या जमल्या, तर कोरड्या सालात काय घटले आणि चांगल्या पावसात काय परतले, याचा तो एक विश्वसनीय पुरावा ठरेल.

अमरावती जिल्ह्यातील दर्यापूरच्या एका महाविद्यालयातून कोळ्यांचा अभ्यास नावारूपाला आला. तालुक्याच्या गावी बसूनही असे काम होऊ शकते, हे सांगण्यासाठी हा उल्लेख केला. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ तर आपल्याच जिल्ह्यात आहे. आपल्या मुलांपैकी कोणी पुढे तेथे कीटकशास्त्र शिकायला गेले, तर त्याच्या पिशवीत शाळेतील ती वही असावी, अशी आमची इच्छा आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमचे एक निमंत्रण आहे. पुढील आषाढी पौर्णिमेस शाळेत याल, तेव्हा वंदनेनंतर अर्धा तास काढून मुलांसोबत मागच्या कुंपणापाशी या. पादत्राणे सावकाश टाका. प्रथम काहीच दिसणार नाही, कारण माळकोळी स्थिर असताना मातीत मिसळून जातो. दोन-चार मिनिटे एका जागी उभे राहिल्यावर वाळल्या काडीपाशी काहीतरी सरकेल, थांबेल आणि पुन्हा सरकेल. कोणते मूल ते तुमच्याआधी पाहील, हे तुम्हांला तेथेच कळेल.